स्मार्ट घर, आई आणि बटणावरची चिकटपट्टी

मंगळवारपेठी | शनिवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. हा धागा जरा लांबणार आहे, पण विषय बरेच दिवस मनात घोळतोय म्हणून लिहितोच.

मला उपकरणांचा नाद शाळेपासूनचा. वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. बंद पडलेली वस्तू आधी उघडून बघायची, मग दुकानात न्यायची, हे तिथं बघून बघून अंगात मुरलं. पहिल्या पगारात घेतलेला नोकिया ११०० अजून कपाटात आहे आणि त्याचा टॉर्च लागतो. घरात नवीन खोकं आलं की ते उघडून, वायरी जोडून, पहिल्यांदा दिवा लुकलुकेपर्यंत मला जेवण सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी आमचं मंगळवार पेठेतलं जुनं घर 'स्मार्ट' केलं. दिवे, गिझर, पाण्याची मोटर, दाराचं कुलूप, सगळं फोनवर. स्मार्ट बल्बची एक अडचण असते. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं की बल्बचा करंटच तुटतो आणि तो फोनला सापडत नाही. म्हणून मी प्रत्येक बटणावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्यावर स्केचपेननं लिहिलं, 'बंद करू नये'.

पुढच्या मे महिन्यात कामासाठी बेंगळुरूला होतो. इकडं संध्याकाळी वळीव झाला, लाईट गेली, ती रात्री अडीचला आली. माझ्या बल्बांचं सेटिंग असं होतं की करंट परत आला की पूर्ण उजेडात लागायचं. ते बदलता येतं, मी बदललं नव्हतं. आईबाबांच्या खोलीतले दोन्ही बल्ब एकदम लागले. राऊटर अर्धवट सुरू होऊन अडकला, त्यामुळं आईनं फोनवर कितीही दाबलं तरी काही होईना. सकाळी सातला मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अरे, लाईट काही बंद होईना. बटणावर तू बंद करू नये म्हणून लिहिलंयस, म्हणून मी हात लावला नाही. बसलो दोघं पहाटेपर्यंत."

आईचं वय ७१. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून रोज रात्री शेवटचा दिवा तीच मालवत आली आहे. तिच्या स्वतःच्या घरातलं बटण दाबायचा हक्क मी एका चिकटपट्टीनं काढून घेतला होता. हे लिहितानाही मला वाईट वाटतंय.

त्याच पहाटे नळाला पाणी येऊन गेलं. मोटरचा स्मार्ट प्लग कपाटामागं वायफाय शोधत बसला होता. खालच्या टाकीतलं पाणी वर चढलं नाही आणि शेजारच्या काकूंनी दोन घागरी आणून दिल्या.

तेव्हापासून मी स्वतःला एकच नियम घातला आहे. मी घरात नसेन, इंटरनेट नसेल, तरी घरातल्या कुणालाही प्रत्येक वस्तू हातानं चालू-बंद करता आली पाहिजे. हा नियम जे पाळत नाही ते घरातून बाहेर.

काय काय बदललं ते सांगतो. स्मार्ट बल्ब काढले, साधे एलईडी लावले. त्याऐवजी स्विचबोर्डाच्या आत छोटे रिले मॉड्यूल (फोनवरून चालणारे स्विच) बसवले. त्याला भिंतीवरच्या बटणाची वायर वेगळी जोडायची सोय असते. बटण दाबलं तरी दिवा लागतो, फोनवरून सांगितलं तरी लागतो, आणि वायफाय मेलं तरी बटण चालूच राहतं. घेण्याआधी बोर्डात न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर, मॉड्यूलला ती लागते) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या घरात कितीतरी बोर्डांत फक्त फेज आणलेला असतो, आमच्याकडं दोन खोल्यांत तसंच निघालं. दाराचं स्मार्ट कुलूप काढलं, किल्लीचं परत आलं.

पाण्याच्या मोटरला आता फ्लोट स्विच आहे. वरच्या टाकीत एक, खालच्या टाकीत एक. वरची भरली की तरंगणारा गोळा उचलला जातो आणि मोटर बंद होते. खालची रिकामी व्हायला लागली तरी बंद होते, म्हणजे मोटर कोरडी फिरत नाही. सगळं मिळून काहीशे रुपयांचा खर्च.

हा फ्लोट बसवताना मला सारखं राधानगरी धरण आठवत होतं. दर पावसाळ्यात आपण बातमी वाचतो, 'राधानगरीचा तीन नंबरचा स्वयंचलित दरवाजा उघडला'. सात दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याच्याच जोरावर आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. रात्री दोन वाजता, धुवाधार पावसात, लाईट नसताना, कुणी बटण न दाबता. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणावर ही व्यवस्था आहे आणि ती बघायला मी लहानपणी वडिलांच्या स्कूटरवर मागं बसून गेलो होतो. माझ्या लेखी आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात देखणं उपकरण तेच.

सगळ्यांना एक विनंती. उद्या रविवार आहे. दुपारी एक तास राऊटर बंद करून बघा, मग मेन स्विच पाडून बघा. घरात कोण कुठं अडतं ते इथं लिहा.

---

रंकाळा_फेरी | शनिवार, रात्री १०.४१

चिकटपट्टीचं वाचून गलबलून आलं. उद्या नक्की करून बघतो.

---

गोकुळ_शिरगावचा_फिटर | शनिवार, रात्री ११.०५

भावा, लय महत्त्वाचा धागा काढलास.

मी एमआयडीसीत फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे, एकवीस वर्षं झाली. तू जो नियम सांगतोयस तो आमच्याकडं प्रत्येक पॅनलवर असतो. त्याला आम्ही 'ऑटो-मॅन्युअल' म्हणतो. एक फिरवायचा सिलेक्टर. ऑटोवर असेल तर मशिन आपल्या बुद्धीनं चालतं, मॅन्युअलवर टाकलं की ऑपरेटरच्या हातात. सेन्सर गेला म्हणून भट्टीतला रस थांबून राहत नाही, ऑपरेटरला तो हातानं ओतावाच लागतो. नाहीतर तो भट्टीतच गोठायचा आणि भट्टीचं अस्तर फोडायची वेळ यायची.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. मशिनवर लाल मोठं इमर्जन्सी बटण असतं ते सगळ्यांनी पाहिलं असेल. त्याचा कॉन्टॅक्ट नेहमी जोडलेला ठेवतात, बटण दाबलं की तो तुटतो आणि मशिन थांबतं. आता समजा त्या बटणाची वायर उंदरानं खाल्ली. कॉन्टॅक्ट तुटला, मशिन आपोआप थांबलं. आमचं नुकसान होतं, पण कुणाचा हात जात नाही. हीच वायर उलटी जोडली असती, म्हणजे दाबल्यावर जोडणारी, तर वायर तुटलेली कुणाला कळलीच नसती आणि गरजेच्या वेळी बटण दाबून काही झालं नसतं.

घरात कुठलीही वस्तू आणताना मी हेच विचारतो, की ही बिघडली तर कशा अवस्थेत बिघडेल? गिझर बिघडला तर बंद पडून बिघडला पाहिजे, चालू राहून नको. आणि तुझं ते कुलूप बिघडलं तर आतल्या माणसाला बाहेर येता आलं पाहिजे. तू काढलंस ते बरं केलंस.

मोटरच्या फ्लोटबरोबर एक साधा बायपास स्विच (फ्लोट वगळून मोटर चालवणारा) पण लावून घे. फ्लोटमध्ये शेवाळ बसतं, वर्षा-दोन वर्षांत एकदा तरी अडकतो.

---

मंगळवारपेठी | शनिवार, रात्री ११.१८

@गोकुळ_शिरगावचा_फिटर, 'बिघडली तर कशा अवस्थेत बिघडेल' हे मी आजच वहीत लिहून घेतलं. बायपास सोमवारी लावतो.

---

शिरोळचा_ऊसवाला | रविवार, सकाळी ६.५०

आमची बाजू पण मांडतो.

शेतीच्या पंपाला लाईट रात्रीची असायची तवा काय हाल हुते ते शहरात कळणार न्हाईत. रात्री बारा-एकला उठायचं, बॅटरी घेऊन उसातनं वाट काढत नदीकाठच्या मोटरीपर्यंत जायचं. पावलापावलाला सापाची भीती. आमच्या भावकीतला एक माणूस त्यातच गेला.

मग स्टार्टरला सिमकार्डाचा डबा बसवला. घरातनं त्याला फोन लावायचा, तो बोलून सांगतो थ्री फेज आहे का न्हाई, मोटर चालू हाय का बंद. एक नंबर दाबला की चालू, दुसरा दाबला की बंद. एखादी फेज गेली तर आपणहून मोटर थांबवतो, वाइंडिंग जळत न्हाई. माझी आई म्हणायची, ह्या डब्यानं तुला माझ्या पोटाला परत दिला.

तवा इंटरनेट नसताना चाललं पाहिजे हे खरं, पण लांबनं चालवता येणं ही चैन न्हाई. आमच्यासाठी ती जिवाची गोष्ट हाय. हा डबा इंटरनेटवर चालतच न्हाई, साध्या कॉलवर चालतो, आणि स्टार्टरचं हिरवं-लाल बटण हाय तसंच हाय.

पूर यायला लागला की मात्र सगळ्यांनी मिळून मोटरी काढूनच आणाव्या लागत्यात. त्याला कुठलाबी डबा उपयोगाचा न्हाई, धा माणसं आणि दोरखंड लागतो.

---

मंगळवारपेठी | रविवार, सकाळी ७.३०

दादा, मनापासून आभार. साध्या कॉलवर चालणारं आणि बटण तसंच ठेवणारं, म्हणजे मी जो नियम आता शिकलोय तो तुमच्या स्टार्टरमध्ये आधीपासून आहे. भावकीतल्या माणसाचं वाचून वाईट वाटलं.

---

कसबा_बावडा_४३फूट | रविवार, सकाळी ९.१५

नावात ४३ फूट का ते बावड्यातल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा नदी ५५ फुटांच्या वर गेली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात लाईट नव्हती, नळाला पाणी नव्हतं, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली होता. माझ्याकडं तेव्हा तीन फोन, टॅबलेट, स्मार्टवॉच, ब्लूटूथ स्पीकर. पहिल्या रात्रीत निम्म्याची बॅटरी संपली, कारण सगळी उपकरणं कमकुवत सिग्नल शोधत होती. रेंज कमी असली की फोन टॉवरला गाठायला जास्त ताकद लावतो आणि बॅटरी झरझर उतरते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही गल्लीत ठरवलं की एका वेळी एकाच घराचा एकच फोन चालू, बाकी विमान मोडवर. दर तासाला पाच मिनिटं चालू करायचा, मेसेज बघायचे, परत बंद. कॉल लागत नसताना साधा एसएमएस जात होता.

पॉवर बँकेबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. वर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेलं असतं, म्हणजे ३७ वॉट-तास. ते ५ व्होल्ट करताना काही भाग उष्णतेत जातो. ५,००० एमएएचचा फोन त्यातून दोनदा भरत नाही, दीडेक वेळा भरतो. पुराच्या तयारीत हिशोब असाच धरा. आणि पॉवर बँक कपाटात पूर्ण रिकामी ठेवू नका, निम्मी भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी बघत जा. पूर्ण रिकामी पडून राहिलेली लिथियम बॅटरी गरजेच्या दिवशी उठत नाही.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला सांगू? जुन्या मेसेजचा. 'पाणी ५२ फूट, अमुक भाग रिकामा करा' असा मेसेज सकाळचा असायचा आणि रात्री कुणीतरी पुढं ढकलायचा. लोक अंधारात, पाण्यातून, म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघायचे. आता आमच्या गल्लीच्या ग्रुपवर नियम आहे. पातळी लिहिताना तारीख, वेळ आणि कुठून कळलं ते लिहायचंच. 'सोमवार, दुपारी ४, राजाराम बंधारा, ४१ फूट २ इंच' असं. तारीख नसलेला मेसेज ॲडमिन काढून टाकतो.

---

बिंदूचौक | रविवार, सकाळी ९.४०

वाचनखूण साठवली. पुराच्या मेसेजचा नियम आमच्या सोसायटीत आजच लागू करतोय.

---

सोल्डर_आणि_ब्रश | रविवार, दुपारी १२.३०

माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, शहरातच. पुराचा विषय निघालाय म्हणून लिहितो.

दोन्ही पुरांनंतर महिनाभर माझ्या काउंटरवर फक्त भिजलेले फोन होते. निम्मे लोक तांदळाच्या डब्यातून थेट माझ्याकडं. तांदळानं काही होत नाही मंडळी. तो फोनच्या आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याची बारीक भुकटी चार्जिंग जॅकमध्ये जाऊन बसते. आणि त्या दोन दिवसांत आत गंज चढतो तो वेगळाच.

फोन पाण्यात पडला तर लगेच बंद करा. चार्जिंगला अजिबात लावू नका, सगळ्यात जास्त बोर्ड त्यानंच जातात. सिमचा ट्रे बाहेर काढा, जॅक खाली करून हलकेच झटका, पुसा, आणि त्याच दिवशी दुकानात न्या. ड्रायरची गरम हवा नको.

आम्ही काय करतो ते सांगतो. मागचं कव्हर उघडायचं, आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं. मग बोर्ड बाहेर काढून आयसींवरच्या, म्हणजे चिपवरच्या, पत्र्याच्या टोप्या उचलायच्या. पुराच्या फोनमध्ये त्या टोपीखाली काय सापडायचं माहीत आहे? पंचगंगेचा गाळ. पिठासारखा मऊ, तांबूस करडा, सगळ्या बारीक पायांमध्ये भरलेला. वरून फोन कोरडा ठणठणीत दिसतो आणि आत एका आयसीच्या कडेनं हिरवी रेघ सुरू झालेली असते, ती तांब्याची. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन तासन्‌तास ते साफ करायचं. एका गृहस्थांचा फोन असाच साफ करून पाचव्या दिवशी चालू झाला. त्यात त्यांच्या वारलेल्या बायकोचे आवाजाचे मेसेज होते. ते काउंटरलाच उभं राहून ऐकत होते, मी दुकानाचा पंखा बंद केला. म्हणून सांगतो, फोन गेला तरी चालेल, आतल्या गोष्टींची दुसरी प्रत ठेवा. पावसाळ्याआधी एकदा तरी.

आयपी ६८ वर, म्हणजे फोन पाण्यात टिकतो या शिक्क्यावर, विसंबू नका. ती चाचणी नव्या फोनची, स्वच्छ गोड्या पाण्यात, ठरावीक खोलीवर आणि ठरावीक वेळ घेतलेली असते. डिस्प्ले एकदा बदलला की कारखान्यातला गोंद गेला. फोन दोन-तीन वर्षांचा झाला तरी तो गोंद पहिल्यासारखा राहत नाही.

फुगलेली बॅटरी दिसली तर वापर थांबवा. टाचणी, सुरी काही लावू नका. दुकानात आणून द्या, आम्ही ती ई-कचऱ्यात देतो.

---

ताराबाई_पार्कची_सून | रविवार, दुपारी ३.१०

मंगळवारपेठी दादा, धागा छान आहे आणि चिकटपट्टीबद्दल तुम्हाला जे वाटलं ते खरंच प्रामाणिक आहे. पण एका गोष्टीवर मला स्पष्ट बोलायचं आहे.

सगळ्या धाग्यात आई फक्त अडकलेली दिसते. उजेडात बसलेली, पाणी न मिळालेली. त्यांना काय हवं होतं हे कुठंच आलं नाही. तुम्ही स्मार्ट घर केलं तेव्हा त्यांना विचारलं नाही, आणि काढून टाकलं तेव्हाही विचारलं नाही. दोन्ही वेळा निर्णय तुमचाच.

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक अक्षर दिसत नव्हतं. मी त्यांना फोनवर बोलून शोधायला शिकवलं. मराठीत बोलायचं, फोन मराठीत लिहितो. पहिले आठ दिवस त्या फोनला 'अहो' म्हणायच्या. मग हळूहळू जमलं. आता गडहिंग्लजच्या बहिणीला रोज दुपारी व्हिडिओ कॉल लावतात आणि दोघी मिळून निवडण-टिपण करतात. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, इकडं सासूबाई गवारी मोडतायत, तिकडं मावशी मेथी निवडतायत. बोलणं फार नसतंच. एकमेकींच्या हाताकडं बघत बसतात.

हे शिकवायला मला तीन महिने लागले, रोज दहा मिनिटं. एक वही केली आहे, त्यात त्यांच्याच अक्षरात पायऱ्या लिहिल्या आहेत. माझ्या अक्षरातली वही त्यांनी कधी उघडली नाही, स्वतःच्या अक्षरातली उघडतात. वस्तू सोपी असावी हे मला मान्य आहे. पण 'कुणालाही न शिकवता चाललं पाहिजे' एवढंच धरलं तर आपण त्यांना शिकवायचंच सोडून देऊ.

---

मंगळवारपेठी | रविवार, दुपारी ४.०२

ताई, तुमचं बरोबर आहे. दोन्ही वेळा मी विचारलं नाही. आज रात्री जेवताना विचारतो.

---

हिंजवडीतला_गारगोटीकर | रविवार, संध्याकाळी ६.२५

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथंच विचारतो.

मी पुण्यात नोकरीला, आईवडील गारगोटीला दोघंच. गेल्या वर्षी वडील बाथरूममध्ये पडले आणि मला दुसऱ्या दिवशी कळलं. घाबरून हॉलमध्ये कॅमेरा बसवला. फोनवर मला दिसायचं दोघं काय करतायत. पंधरा दिवसांनी बघतो तर चित्र काळं. कॅमेरा बिघडला समजून आईला फोन केला. वडिलांनी त्यावर टॉवेल टाकला होता. म्हणाले, "मी माझ्या घरात बनियनवर बसतो. माझ्यावर लक्ष ठेवायला मी काय कारखान्यातला माल आहे का?" तेव्हापासून टॉवेल तसाच आहे. मला काळजी पण वाटते आणि त्यांचं म्हणणं पण पटतं. काय करू?

---

गोकुळ_शिरगावचा_फिटर | रविवार, संध्याकाळी ७.००

कॅमेरा काढून टाक भावा. वडील बरोबर आहेत. बाथरूममध्ये आधी धरायला दांडी बसव आणि खाली न घसरणारी मॅट टाक. कॅमेरा पडलेला माणूस दाखवतो, पडायचं थांबवत नाही.

---

ताराबाई_पार्कची_सून | रविवार, संध्याकाळी ७.३५

फिटर दादांशी सहमत. माझी आई जयसिंगपूरला एकटी राहते. आमचं असं ठरलंय की रोज सकाळी चहा झाला की ती भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो मला पाठवते. आठ वाजेपर्यंत फोटो आला नाही तर मी फोन करते, साडेआठला शेजारच्या वहिनींना. फोटोत कधी तिथीच्या चौकोनात दुधाचा हिशोब असतो, कधी 'गॅस लावला' लिहिलेलं असतं. तिचा दिवस कसा चाललाय ते मला तेवढ्यावरून कळतं. आणि फोटो पाठवणारी ती असते, तिच्यावर कुणी नजर ठेवत नाही.

वडील पडले तर हाक पोचावी म्हणून वायर नसलेली साधी बेल मिळते. बटण बाथरूममध्ये कमरेच्या खाली, बसून हात पोचेल असं लावायचं. बेल स्वयंपाकघरात. तिला इंटरनेट लागत नाही.

---

हिंजवडीतला_गारगोटीकर | रविवार, रात्री ८.१०

बटण खाली लावायचं हे मला सुचलंच नसतं. येत्या शनिवारी गावी जातोय, दांडी, मॅट आणि बेल तिन्ही घेऊन. कॅमेरा वडिलांच्या समोर काढतो.

---

महाद्वार_रोड | रविवार, रात्री ८.३०

दुकानदार म्हणून एक भर घालतो. पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याला स्वतःचं सिम आणि बॅटरी असते. लाईट गेली, दुकानातलं वायफाय गेलं तरी तो बोलतो. गर्दीत गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा दाखवतं, तो खराच असेल असं नाही. डबा बोलला तरच पैसे आले. सकाळी शटर उघडल्यावर आधी त्याची बॅटरी बघा, आणि गल्ल्यात सुट्टे ठेवाच. ज्या दिवशी बँकेचा सर्व्हर बसतो त्या दिवशी तो डबापण गप्प असतो.

---

विद्यार्थी_शाहूपुरी | रविवार, रात्री ९.०५

राऊटरला छोटा यूपीएस लावावा का? सबमिशनच्या रात्रीच लाईट जाते.

---

मंगळवारपेठी | रविवार, रात्री ९.२०

@विद्यार्थी_शाहूपुरी, हो, लाव. तुझ्या राऊटरच्या ॲडाप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते आधी बघ. बहुतेक १२ व्होल्ट असतं, काही ९ चे असतात. चुकीचा लावलास तर राऊटर जाईल. साधारण राऊटर ८ ते १० वॉट खातो, त्यामुळं २४-२५ वॉट-तासाचा छोटा यूपीएस दोनेक तास काढतो. फायबरची पेटी वेगळी असेल तर तीही त्यावरच घे, नाहीतर राऊटर चालू आणि नेट बंद. भिंती जाड असतील तर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दुसऱ्या खोलीत जात नाही, २.४ वर ठेव. आमच्या दगडमातीच्या भिंतीत तोच एक पोचतो.

---

मंगळवारपेठी | सोमवार, रात्री १०.४५

धागा वर आणतोय, कारण काल जेवताना विचारलं त्याचं उत्तर लिहायचं राहिलं.

आधी रविवारच्या परीक्षेचा निकाल. दुपारी एक तास राऊटर आणि मेन स्विच दोन्ही बंद ठेवलं. दिव्यांचं काही अडलं नाही, वरच्या टाकीत पाणी होतं. अडलं ते बाबांचं. त्यांच्या कानाच्या मशिनचा डबा चार्जिंगला असतो आणि तो नेमका रिकामा होता. मशिन बंद पडल्यावर ते तासभर काही न बोलता बसून राहिले. आम्हाला वाटलं पेपर वाचतायत. आता तो डबा पॉवर बँकेवर चार्ज होतो का ते बघून घेतलं, होतो. ती पॉवर बँक आता फक्त बाबांची, त्यांच्या उशाशी.

मग रात्री आईला विचारलं, "घरात तुला काय आपोआप व्हावंसं वाटतं?" मला वाटलं काहीच नको म्हणेल. ती भाकरी मोडता मोडता थांबली आणि म्हणाली, "जिन्यातला दिवा तेवढा आपोआप लागू दे. पहाटे खालून दूध घेऊन येताना एका हातात पातेलं असतं, दुसऱ्या हातानं कठडा धरते. बटणाला हात कुठून आणू?"

जिन्यात दिवा आहे, बटण खाली आहे आणि वरही आहे. स्मार्ट घर करताना तो जिना मी सोडून दिला होता, कारण तिथं वायफाय पोचत नाही.

आज संध्याकाळी तिथं सेन्सर बसवला. पाच वाजता दुकानातून आणला, सातपर्यंत लागला.

---

सोल्डर_आणि_ब्रश | सोमवार, रात्री १०.५८

कुठला सेन्सर लावलास?

---

मंगळवारपेठी | सोमवार, रात्री ११.०६

साधा पीआयआर. माणसाच्या अंगाची ऊब हलली की ओळखतो, वायफाय लागत नाही. वेळ दीड मिनिटाची ठेवली आहे, कारण आई मधल्या पायरीवर थांबून दम घेते. बटणं दोन्ही तशीच ठेवली आहेत. वरच्या बटणावर चिकटपट्टीचा जुना डाग राहिला होता, तो रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढला.